डावा हात

मॅटलॉक बाथला रविवारी
नदीकडे पाठ करून मोटरसायकली उभ्या असतात,
नुकत्या थांबलेल्या, टिक् टिक् करत निवणाऱ्या,
चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यांसारख्या.
हातमोजे कठड्यावर पालथे. हवेत व्हिनेगर.
आणि एक ना एक वाद, त्याशिवाय चिप्स पचत नाहीत.

या खेपेला निमित्त बेरिल रॅगची नवी गाडी.
निळी. डाव्या मुठीपुढे काहीच नाही.
जिथे क्लच असायचा
तिथे नुसती डर्बीशरची हवा.

"ही तर बाळसं धरलेली स्कूटर,"
क्लिफर्ड ओल्डनोने तोंडाचा पट्टा सोडला.
"अगं, गिअर म्हणजे बोलणं असतं.
इंजिन विचारतं, पाय उत्तर देतो.
तुझी ही बया आपली आपल्याशीच बडबडणार,
तू फक्त ओझं."

सतविंदर हसला. आठवडाभर तो
चव्वेचाळीस टनांचा ट्रक हाकतो, तो स्वतःच गिअर बदलणारा.
"माझा उपास रविवारी सुटतो," म्हणाला,
आणि बुटाच्या टोकाने
नसलेला लिव्हर वर उचलून दाखवला:
एक खाली, पाच वर.

ओवेन एकोणीस वर्षांचा, त्याची गाडी विजेची.
त्याला हे भांडण
दोन आज्या पाट्याचं नि वरवंट्याचं बोलतायत तसं वाटत असावं.
तो निमूटपणे सगळ्यांच्या चिप्स खात होता.

"तू सांग," सगळे माझ्याकडे वळले, "तू हातांची डॉक्टर."
डॉक्टर नाही मी. डर्बीच्या इस्पितळात
मोडलेल्या, आखडलेल्या हातांकडून
चेंडू दाबून घेते, बरणीची झाकणं उघडून घेते.
पण इथे कुणाला पटत नाही ते.

खरं तर मी क्लिफर्डच्याच गोटातली.
आंबा घाटात दादाच्या गाडीवर शिकले,
चप्पल घालून; अंगठ्याच्या वरचं साल निघायचं.
आजही माझ्या डाव्या बुटावर
गिअर उचलून उचलून पडलेला काळा ठिपका आहे.
तो आमच्या पंथाचा टिळा. पॉलिश करताना
मी तेवढी जागा सोडते.
आणि पहिला-दुसऱ्याच्या मधला तो न्यूट्रल,
जोर केला की निसटणारा,
लक्ष नसताना अलगद सापडणारा,
तो मी कुठल्याच यंत्राला देणार नाही.

पण बेरिल सॉसची पुडी दातांनी फाडत होती.
अंगठ्याच्या मुळाशी तो उंचवटा
मला टेबलापलीकडून दिसला.
डर्बीच्या रिंग रोडला अकरा सिग्नल,
शुक्रवारी संध्याकाळी सगळे लाल.
मी पुडी तिच्या हातातून घेतली, फाडून परत दिली.
ती काही बोलली नाही. मीही नाही.

आणखी एक दिसलं, तेही बोलले नाही:
सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या क्लिफर्डने
डावा हात दुपारभर खिशातून काढला नव्हता.
मासा एकाच हाताने, काट्याने खरवडून खाल्ला.

"कोण बरोबर?" सतविंदर.
"चहा कोण आणतंय?" मी.

निघताना हेल्मेट चढवता चढवता
क्लिफर्ड निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला,
टायर बघितल्यासारखं करत.
मग नदीकडे पाहत, अगदी सहज,
"कितीला पडली?"
बेरिलने आकडा सांगितला.
"दरोडा आहे," तो म्हणाला.
थोड्या वेळाने: "हप्त्यांनी देतात का?"

क्रॉमफर्डच्या चढाला बेरिल माझ्या पुढे होती.
वळण आलं. माझा पाय खाली, हात आत,
इंजिन घसा खाकरून तयार.
तिची गाडी तिची तीच शहाणी झाली, न विचारता.
पण तिच्या डाव्या हाताची दोन बोटं
हवेत पुढे आली,
नसलेल्या क्लचवर मिटली,
चढ संपेपर्यंत प्रत्येक वळणावर
मिटली, उघडली.